एलिप्टिकलवर आठ महिने : गुडघा, दम आणि जिना

रानजाई

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. आता पावसाळा तोंडावर आलाय, गुडघेवाल्या मंडळींचं चालणं बंद पडायची वेळ जवळ आली, म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

वय ५३, राहणार ठाणे, माध्यमिक शाळेत शिकवते. दिवसाचे पाच तास उभ्याने जातात आणि माझे दोन वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत. गेल्या मे महिन्यात उजवा गुडघा दुखायला लागला, तोही जिना उतरताना. चढताना काही नाही, उतरताना मात्र पायरीगणिक कळ. मधली सुट्टी झाली की पोरं धडाधड खाली पळायची आणि मी कठडा धरून एकेक पायरी. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, झीज सुरू झालीय, पण सुरुवातीचीच आहे. वजन थोडं कमी करा, मांड्यांची ताकद वाढवा आणि काहीही झालं तरी हालचाल थांबवू नका.

मी चालायला लागले. जुलैत एका हललेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळला. लागलं फारसं नाही, पण भीती बसली ती बसलीच. ओल्या रस्त्यावर पाय टाकताना सगळं अंग आखडायचं, त्याने गुडघा आणखी दुखायचा.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक क्रॉस ट्रेनर कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेला होता. तोच एलिप्टिकल, उभ्याने पेडल फिरवत हातांनी दांडे पुढेमागे करायचं यंत्र. ऑगस्टमध्ये चादर काढली आणि चढले. पहिल्या दिवशी चार मिनिटं झाली, पाचवं काही पूर्ण झालं नाही. मांड्या थरथरत होत्या, आणि उतरल्यावर फरशीच पायाखालून सरकतेय असं वाटलं. आता आठवड्यातले पाच दिवस ३५ मिनिटं होतात, लेव्हल सहा.

काय फरक पडला ते जसं आहे तसं सांगते. सकाळी उठल्या उठल्या नाडी ८४ असायची, ती आता ७१-७२ असते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर लगेच हजेरी घेता येते, आधी दोन मिनिटं फळ्याकडे तोंड करून श्वास सावरावा लागायचा. उतरतानाची कळ पूर्ण गेली नाही, पण रोजची होती ती आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. वजन मात्र आठ महिन्यांत जेमतेम साडेतीन किलो उतरलं. वजनाच्याच आशेवर हे यंत्र घ्यायचा विचार असेल त्यांनी हे वाचून ठेवा.

चुका भरपूर केल्या. पहिला महिना समोरच्या दांड्यावर अर्धं अंग टाकून, लेव्हल एकवर भरभर पाय फिरवत होते. घाम यायचा, पण पायाला काम काहीच नव्हतं. मध्येच एका जिममध्ये चौकशीला गेले, तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं उलटं फिरवायला लावलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर सूज. तिथे परत गेले नाही.

आता माझे प्रश्न. वीस मिनिटं झाली की उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात, हे कशाने? उलटं फिरवणं कायमचंच टाळायचं का? यंत्र ३५ मिनिटांचे ३४० कॅलरी दाखवतं, त्यावर विश्वास ठेवावा का? आणि गेला महिनाभर डावं पेडल प्रत्येक फेरीला कुंईऽऽ असा आवाज करतंय, त्याचं काय करायचं?

पहाटफेरी

रानजाई, चिकाटीला सलाम. पण मनापासून वाटतं ते लिहितो, राग मानू नका. मी साताऱ्याचा, वय ६१. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर जातो. उजाडताना खाली सगळं शहर दिसतं, अंगावर कोवळं ऊन येतं, चार माणसं भेटतात, 'काय, आज उशीर?' म्हणतात. बंद खोलीतल्या यंत्राला यातलं काय देता येणार? माणसाने मातीवर चालावं, एवढंच माझं म्हणणं.

कोकणकडा

पहाटफेरी, तुमच्या वाटेवर यायला कुणाला आवडणार नाही! पण प्रत्येकाच्या दाराबाहेर अजिंक्यतारा नसतो हो. आमच्या दाराबाहेर खणलेला रस्ता आणि सहा भटकी कुत्री आहेत.

सांधेसखी

रानजाई, फार चांगला धागा. मी गेली एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. तुमच्यासारखे गुडघे रोज बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी या यंत्राचं वेगळेपण. चालताना आपण दर पावलाला पाय उचलतो आणि टाच जमिनीवर आपटतो. धावताना तर क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि खाली येताना सगळा भार एका पायावर पडतो. एलिप्टिकलमध्ये तळपाय पेडलवरून सुटतच नाही. पाऊल लंबवर्तुळात फिरतं, आपटत कुठेच नाही. दुखऱ्या गुडघ्याला बरं वाटतं ते या आपटण्याच्या अभावामुळे.

पण इथे एक गैरसमज फार पसरलाय, की एलिप्टिकलवर गुडघ्यावर भारच येत नाही. येतो. कृत्रिम गुडघा बसवताना त्यातच सेन्सर बसवलेल्या रुग्णांवर अमेरिकेत प्रत्यक्ष मोजमापं झाली आहेत. चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच पट भार येतो, एलिप्टिकलवरही जवळपास तेवढाच, जॉगिंग करताना चौपटीच्या वर. सगळ्यात कमी भार सायकलवर. म्हणजे भाराच्या हिशेबात एलिप्टिकल चालण्याच्या शेजारी बसतो. फायदा असा की भार हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, झटका बसत नाही. आणि तेवढ्याच भारात हृदयाला मात्र संथ चालण्यापेक्षा बरंच जास्त काम देता येतं, कारण लेव्हल वाढवता येते आणि हातही कामाला लागतात. धावण्याइतका दम वाढवायचाय पण धावणं झेपत नाही, अशा माणसासाठी हे यंत्र खरंच उपयोगाचं आहे.

लोक मला विचारतात, 'गुडघ्यातलं वंगण संपलंय, मग हलवायचं कशाला?' उलटं आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, दाब पडला आणि सुटला, पडला आणि सुटला, की स्पंजासारखं. बसून राहिलेल्या गुडघ्याला हे मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हालचाल थांबवू नका म्हटलं ते यासाठी.

आणि साडेतीन किलोला 'जेमतेम' म्हणू नका. गुडघ्याची झीज असलेल्या लोकांमध्ये एक किलो वजन कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं दिसलंय. तुमच्या उजव्या गुडघ्यावरून दर पावलाला चौदा किलो उतरलेत. वह्यांचे गठ्ठे उचलता ना, तसा एक मोठा गठ्ठा.

मुंग्यांबद्दल. पाऊल पेडलवर सतत टेकलेलं असतं आणि बहुतेकांचं वजन चवड्यावर जातं, तिथल्या नसा दबतात. व्यायामात पाऊल थोडं सुजतंही, त्यात बुटाची नाडी घट्ट असली की झालं. नाडी पुढच्या दोन भोकांत सैल करा. पाऊल पेडलवर थोडं मागे घ्या, भार टाचेकडे येऊ द्या, आणि दर पाच मिनिटांनी बुटातल्या बुटात बोटं हलवा. दोन आठवडे करून बघा. यंत्रावर नसतानाही मुंग्या येत असतील, किंवा मधुमेह असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

उलटं फिरवण्यात पाप नाही. त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त काम पडतं, आणि ते स्नायू म्हणजे गुडघ्याचा आधार. पण गुडघा जास्त वाकलेला राहतो, वाटीवर दाब वाढतो. जिना उतरताना ज्यांचं दुखतं त्यांची तक्रार बहुतेकदा वाटीशीच असते. अशा गुडघ्याला पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं म्हणजे अती झालं. एका मिनिटापासून सुरू करा, कमी लेव्हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा शांत असेल तरच पुढचं मिनिट वाढवा.

एक गोष्ट या यंत्राकडून मागू नका : हाडं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि हाडाला घट्ट व्हायला थोडा धक्का, थोडं ओझं लागतं. आपटणं नाही हा जो फायदा, तोच इथे उणा पडतो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडाच. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्यांचे व्यायाम, एवढ्यानेही सुरुवात होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हीच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. तुमची पाच दिवसांची १७५ मिनिटं पहिल्या अर्ध्यात बसली. दुसरं अर्धं बाकी आहे!

रानजाई

सांधेसखी, किती आभार मानू! वह्यांच्या गठ्ठ्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. हाडांबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रेअरीतला

मूळ पुणेकर, सध्या एडमंटन, कॅनडा. इथे जानेवारीत उणे तीस होतं, फुटपाथवर बर्फाची काच असते. पहिल्या हिवाळ्यात घसरून मनगट मोडून घेतलं, त्यानंतर हिवाळ्याचे पाच महिने व्यायाम घरातच. तळघरात एलिप्टिकल आहे, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. हे यंत्र ट्रेडमिलपेक्षा बरंच तरुण. १९९५ मध्ये प्रीकॉर या अमेरिकन कंपनीने ते बाजारात आणलं. मूळ कल्पना जनरल मोटर्समधल्या लॅरी मिलर नावाच्या इंजिनिअरची. त्याने आपल्या मुलीला गाडीच्या बाजूने पळायला लावलं आणि तिचं चित्रण केलं. पळताना पाऊल हवेत कसली रेघ काढतं ते बघायचं होतं. ती रेघ निघाली लंबवर्तुळाची, आणि त्या रेघेवर फिरणारं पेडल त्याने बनवलं. बापाने लेकीचं पळणं निरखलं आणि त्यातून जगभरच्या दुखऱ्या गुडघ्यांची सोय झाली.

आता कॅलरी. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुतेकदा फुगवलेला असतो. वय, वजन भरलं नसेल तर ते यंत्राला ठाऊक नसतं, आणि दांड्यावर किती रेललाय हे तर कळतच नाही. साधा हिशेब असा. मध्यम जोराच्या एलिप्टिकलला व्यायामशास्त्रात ५ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या पाचपट ऊर्जा. ५ गुणिले ३.५ गुणिले तुमचं किलोतलं वजन, भागिले २००, की मिनिटाच्या कॅलरी मिळाल्या. वजन ६८ किलो धरलं तर मिनिटाला सुमारे ६, म्हणजे ३५ मिनिटांत २१०. त्यातल्या चाळीसेक तर नुसतं बसूनही जळाल्या असत्या. साधारण दोन पोळ्या म्हणा. त्यामुळे वजन सावकाश उतरलं यात तुमची काही चूक नाही, ते गणितच तसं आहे. वजनाचा निकाल ताटात लागतो, दमाचा यंत्रावर.

आणि दम खरंच वाढतो. नाडी ८४ वरून ७२ वर आली म्हणजे हृदय एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त पुढे ढकलतंय. मिनिटाला १२ ठोके वाचले, तर दिवसाला सतरा हजारांच्या वर ठोके झाले. मी तर हा आकडा कागदावर लिहून यंत्रासमोर चिकटवला असता.

कडूकारले

सगळे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. माझा अनुभव साखरेचा.

वय ४७, मधुमेह सहा वर्षांपासून. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, म्हणजे हा धागा वाचणाऱ्यांत माझे सोबती बरेच असणार. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांची साखर माझी २०० च्या वर जायची. औषध तेच, जेवण तेच. फक्त जेवणानंतर अर्ध्या तासाने वीस मिनिटं एलिप्टिकल, अगदी बेताच्या जोराने. महिनाभर रोज ग्लुकोमीटरवर मोजून वहीत लिहिलं. बहुतेक रात्री १६०-१७० च्या आसपास राहिली. एका लग्नावरून आलो, जिलेबी झाली होती, त्या रात्री कंटाळा न करता चढलो तरी २२० आली, तेही वहीत आहे.

माझ्या डॉक्टरांनी कारण सांगितलं ते डोक्यात बसलं. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, एलिप्टिकलवर तेच राबतात.

मात्र इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. मला एकदा यंत्रावरच हात कापायला लागले, घाम गार पडला. तेव्हापासून समोरच्या खणात ग्लुकोजची पुडी असतेच. आणि अनवाणी चढू नका. आपल्या मधुमेहींच्या पायांना लागलेलं बऱ्याचदा कळत नाही.

गोदाकाठ

मंडळी, माझ्या वडिलांसाठी विचारतोय. ते नाशिकला असतात, वय ६८. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. पूर्वी गोदापार्कला रोज फेऱ्या मारायचे, आता ट्रॅफिकला घाबरतात. दिवसभर टीव्हीसमोर बसलेले बघवत नाहीत. घरी एलिप्टिकल घेऊन द्यावा म्हणतोय. ठोके किती ठेवायचे? जास्तीत जास्त ठोक्यांसाठी २२० वजा वय असा हिशेब करतात, तो धरायचा का?

सांधेसखी

गोदाकाठ, आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. यंत्र त्यानंतर. ते बहुधा स्ट्रेस टेस्ट करून किती जोर चालेल ते सांगतील.

बीटा ब्लॉकर चालू असताना २२० वजा वय हा हिशेब धरायचा नाही. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि माणूस जोर वाढवत राहतो. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटी चांगली. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की जोर कमी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. 'गॅस असेल' म्हणून घरी बसायचं नाही. हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय.

त्यांचा तोल कसा आहे? या वयात चढणं-उतरणं हीच धोक्याची जागा. ज्या बाजूचं पेडल खाली आहे त्यावर पहिला पाय, आणि तेव्हा हात न हलणाऱ्या मधल्या दांड्यावर. हलणारे दांडे धरून चढलात तर यंत्र पायाखालून निघतं. सुरुवातीचे पंधरा दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा. शेवटची पाच मिनिटं हळूहळू कमी करत आणायची. एकदम थांबलं तर रक्त पायांत साठतं आणि चक्कर येते. रानजाईंची फरशी पहिल्या दिवशी सरकली त्यात याचाही हात असेल.

तोल कच्चा असेल तर पाठ टेकायची सायकल आधी घ्या, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव आठवड्यातून तीन दिवस करून घ्या. आणखी एक, मुलगी म्हणून सांगते : यंत्र आणून ठेवलं म्हणजे झालं असं करू नका. त्यांना गोदापार्कची माणसं आठवत असतील. रविवारी गाडीने सोडून या.

पहाटफेरी

हा शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. आणि सांधेसखी, तुमचं वाचून माझंही मत थोडं हललं. गड चढताना नाही, पण उतरताना मलाही हल्ली डाव्या गुडघ्यात जाणवतं. कुणाला बोललो नव्हतो. उद्या खुर्चीचं उठबस सुरू करतो.

कोकणकडा

गोदाकाठ, घरी घेताना अनुभवाचे चार शब्द. पावलाची लांबी बघा. पुष्कळ छोट्या यंत्रांत ती कमी असते आणि उंच माणसाला जागच्या जागी लुटुलुटु चालल्यासारखं होतं. १८ ते २० इंच असेल तर मोकळं वाटतं. दुकानात दहा मिनिटं चढून बघा, बूट घालून. वजनाची मर्यादा वाचा.

आणि पंख्याकडे बघा! पेडल वर असताना आपण फूट-सव्वा फूट उंच होतो. माझी उंची पावणेसहा फूट, म्हणजे डोकं सात फुटांवर. आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या थेट खाली जागा आखली होती, भावाने टेप लावून मोजलं म्हणून वाचलो. आता बाल्कनीच्या दाराशी आहे. खाली जाड रबराची मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप शाबूत राहते.

रानजाई, तुमच्या यंत्राला मागे दोन रूळ आहेत का, ज्यावरून चाकं पुढेमागे जातात?

रानजाई

हो, आहेत. दोन चकचकीत पट्ट्या.

कोकणकडा

मग आवाज तिथलाच असणार. रूळ आणि चाकं आधी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. फडकं काळं निघेल. मग सिलिकॉन स्प्रे, अगदी थोडा. घरातलं गोडेतेल घालू नका, धूळ धरून चिकटा होतो. तरीही आवाज आला तर पेडलच्या आसाचा नट सैल असेल, अ‍ॅलन कीने आवळा.

रानजाई

धागा वर काढतेय, सतरा दिवसांनी.

फडकं काळंच निघालं. पुसल्यावर आवाज निम्मा झाला, उरलेला सोसायटीच्या वॉचमनदादांनी नट आवळल्यावर गेला. आता फक्त हवेचा सूं सूं येतो.

बुटाची नाडी सैल करून पाऊल मागे घेतलं. पहिले तीन दिवस काही फरक नाही, मग मुंग्या वीसच्या ऐवजी तिसाव्या मिनिटाला यायला लागल्या, आणि गेल्या चार दिवसांत आल्या नाहीत. उलटं दोन मिनिटांवर आलेय, सूज नाही. खुर्चीवरून उठबस दहा-दहाच्या दोन फेऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार.

काल क्लबहाउसमध्ये गेले तर आमच्या शेजारच्या विंगमधल्या वहिनी माझ्या आधीच यंत्रावर. दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरलेला, अंग पुढे झुकलेलं, लेव्हल एक, पाय भरभर. माझाच ऑगस्ट महिना समोर दिसला. म्हटलं, वहिनी, जरा थांबा, आधी ताठ उभ्या राहा, आणि लेव्हल तीन करून बघा. त्यांनी केलं. अर्ध्या मिनिटाने म्हणाल्या, 'अगं, आता मांडीला लागतंय की!'

कोकणकडा, त्यांनाही त्यांच्या घरी घ्यायचाय. पंख्याचं सांगितलंय.